‘जिद्दी’ म्हणजे कौतुक की तक्रार?

समजा, तुम्ही तुमसर तालुक्यातल्या चिखल्यात, मँगनीजच्या खाणीच्या गावात, बोलीच्या नोंदी करताय. कुणीतरी म्हणतं, "पोरगा जिद्दी आहे." अर्थाच्या रकान्यात काय लिहाल?

मराठीत हट्टी, हेकेखोर, आडमुठा, अडेलतट्टू हे टोमणे. जिद्दी मात्र बहुतेकदा शाबासकी. हिंदीत तोच शब्द सहसा ‘हट्टी’. आणि मध्य प्रदेश इथून जवळच!

म्हणून नुसता शब्द टिपू नका. कोण, कुणाबद्दल, कशावरून बोललं तेही लिहा. "हट्टीला काय म्हणता?" असं विचारलंत, तर पुस्तकी शब्दच परत मिळेल. त्यापेक्षा भांडणाचा किस्सा विचारा. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ अशा म्हणी तिथेच निघतात. वहीत अर्थ चुकला, की पुढचं विश्लेषणही चुकलंच.