व्हेंटिलेटर लावल्यावर नेमके काय होते?

एप्रिल 2021 मध्ये वसई-विरारमध्ये ऑक्सिजनच्या खाटांसाठी झालेली धावपळ आपल्याला आठवत असेल. कोविडची ती लाट ओसरली. पण पावसाळ्यातला लेप्टो, डेंग्यू किंवा अंगावर काढलेला न्यूमोनिया आजही फुप्फुसांना गंभीर सूज आणू शकतो. तिला डॉक्टर ‘एआरडीएस’ म्हणतात. हवेच्या बारीक पिशव्यांत, म्हणजे वायुकोशांत, पाणी भरते आणि रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होतो. यावरचे उपचार पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी मास्कची. साधा ऑक्सिजन पुरेना, तर घट्ट मास्कमधून यंत्राने दाब देतात. यालाच बायपॅप म्हणतात. रुग्ण घुसमटतो म्हणून नातेवाईक मास्क सैल करतात आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. सिस्टरला विचारल्याशिवाय मास्कला हात लावू नये.

दुसरी पायरी नळीची. धाप थांबत नसेल, रुग्ण थकत चालला असेल, तर तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर जोडतात. ‘व्हेंटिलेटर म्हणजे शेवट’ या धास्तीने संमती लांबवू नका. तो उशीर महागात पडतो.

तिसरी पायरी छोट्या श्वासांची. सुजलेल्या फुप्फुसाचा थोडाच भाग चालू असतो. मोठा श्वास भरला तर त्यालाच इजा होते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात छोट्या श्वासांमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 वरून 31 टक्क्यांवर आले. श्वासाचे माप उंचीवरून ठरते. 165 सेंमी उंचीचा पुरुष 90 किलोंचा असला, तरी हिशेब साडेएकसष्ट किलोंचाच. किलोमागे 6 मिलि, म्हणजे एका श्वासाला साधारण 370 मिलि. प्रत्यक्ष वजन धरले, तर हाच आकडा 540 वर जातो. चूक होते ती इथेच.

चौथी पायरी ‘पीप’ची. श्वास सोडल्यावरही यंत्र थोडा दाब राखते, त्यामुळे वायुकोश मिटत नाहीत. दाब जास्त झाला तर रक्तदाब घसरतो, म्हणून तो बेताबेताने वाढवतात.

पाचवी पायरी पालथे झोपवण्याची. एका वेळी निदान 16 तास पालथे ठेवल्यास पाठीकडचा दबलेला भाग उघडतो. वळवताना नळी निसटू नये म्हणून चार-पाच जण लागतात. चेहरा सुजलेला दिसला तर घाबरू नका. ती सूज बहुधा उतरते.

शेवटची पायरी यंत्र सोडवण्याची. प्रकृती स्थिरावली की रोज गुंगीचे औषध कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, ते पाहतात. घाई केली तर नळी पुन्हा घालावी लागते. रेंगाळले तर जंतुसंसर्गाची भीती.

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, औषधांना वेळ मिळवून देतो. म्हणून डॉक्टरांना रोज दोन गोष्टी विचारा: मूळ आजार औषधाला दाद देतोय का, आणि यंत्राचा आधार कालच्यापेक्षा कमी झालाय का?