अर्धशिशी : कपाळी आलेले दुखणे

अर्धशिशी ज्यांच्या कपाळी आली, त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. इतरांना मात्र ते काम टाळण्याचे निमित्त वाटते! गेली वीस वर्षे मी या पाहुणीची सरबराई करीत आहे, म्हणून हे चार शब्द.

सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा उपाय आपल्याकडे पुष्कळ घरांत सांगतात. तो गोड खरा. पण त्याने अर्धशिशी जाते, याला पुरावा नाही. जागरण, उपवास आणि ऊन टाळणे अधिक बरे.

औषधांचे मार्ग दोन. झटका येताच, कळ वाढण्याआधी, पॅरासिटामॉल किंवा, पोटाला सोसत असल्यास, आयबुप्रोफेन घ्यावे. त्याने न भागल्यास डॉक्टर सुमाट्रिप्टान देतात. ते १९९१ साली युरोपात प्रथम विक्रीस आले. हृदयविकार असलेल्यांना मात्र ते वर्ज्य. झटके वारंवार येत असतील, तर ते येऊच नयेत म्हणून प्रोप्रानोलोलसारखे औषध डॉक्टर रोज घ्यायला सांगतात; दमेकऱ्यांना ते चालत नाही.

खरी मेख पुढेच आहे. महिन्यातले १५ दिवस साध्या गोळ्या, किंवा १० दिवस सुमाट्रिप्टान, असे तीन महिन्यांहून अधिक चालले, की गोळीच डोके दुखवू लागते! म्हणून दुखल्याची आणि गोळीची खूण मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करते नि तेच डॉक्टरांपुढे ठेवते.

अचानक, कधी नव्हे इतके डोके दुखले किंवा बोलणे अडखळले, तर थेट इस्पितळ गाठावे.

आणि घरच्या मंडळींनो, ‘पुन्हा दुखतंय?’ असे विचारण्याआधी खोलीतला दिवा मालवा!