खिडकी हवी की दार?

रात्रीचे अडीच वाजले होते. पाडार बेटाच्या आडोशाला आमची बोट नांगर टाकून उभी होती. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत, वर आभाळ चांदण्यांनी गच्च, आणि मी खालच्या केबिनमध्ये टक्क जागी. माझ्या उशीपलीकडे एक प्लायवूडची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे जनरेटर. एसी हवा तर जनरेटर चालू पाहिजे, आणि एसी बंद केला तर त्या खोलीत जीव गुदमरणार. त्यात डिझेलचा वास. शेवटी चादर खांद्यावर टाकली आणि वरच्या डेकवर झोपायला गेले. तिथे आधीच सहा जण आडवे झाले होते. सगळे खालच्या केबिनवाले.

ही गोष्ट इंडोनेशियातली, लाबुआन बाजोची. बालीहून विमानाने तासा-सव्वा तासावर फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकाला हे बंदर आहे. तीन-तीन मीटर लांबीच्या घोरपडी, म्हणजे कोमोडो ड्रॅगन, जिथे मोकळ्या फिरतात तो कोमोडो नॅशनल पार्क इथून जवळ. पार्क १९८० मध्ये झाला, १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इन्स्टावर पाडारच्या डोंगरावरून तीन खाड्या एकदम दिसणारा तो फोटो तुम्ही हजार वेळा पाहिला असेल. आम्हीही तोच पाहिला होता. एम.कॉम.चा शेवटचा पेपर टाकला आणि चौघी निघालो. बालीची तिकिटं तीन महिने आधी काढली, हॉटेलं दोन महिने आधी. आणि बोट? निघायच्या नऊ दिवस आधी. ‘बोट काय, मिळेल की कुठलीही!’

बोट मिळाली. माणशी तीस लाख. घाबरू नका, तीस लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण सोळा हजार रुपये. तीन दिवस, दोन रात्री, जेवणखाण, फिरणं सगळं त्यात. अशा बोटींना तिकडे शेअर ट्रिप म्हणतात. लाकडी पिनिसी बोट, सहा ते दहा केबिन, वीस-पंचवीस माणसं. पिनिसी बांधायची कला सुलावेसीतल्या कारागिरांची, २०१७ मध्ये युनेस्कोने तिचीही नोंद घेतली. दिसायला बोट इतकी देखणी की फोटो पाहून कुणीही फसेल. आम्ही फसलोच. फोटो वरच्या डेकवरच्या केबिनचे होते. आम्हाला मिळाल्या त्या खालच्या.

परत आल्यावर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, चूक एजंटची होती त्यापेक्षा आमची जास्त होती. आम्ही बोट बुक केली होती, केबिन बुक केलीच नव्हती.

मोठ्या क्रूझचं गणित वेगळं असतं. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर २८०५ खोल्या आहेत. तिथे एका प्रकारच्या शेकडो खोल्या एकसारख्या, नंबर कुठलाही मिळाला तरी फार बिघडत नाही. छोट्या बोटीवर मात्र आठ केबिन म्हणजे आठ वेगळ्या गोष्टी. एक इंजिनाला चिकटून, एक नांगराच्या साखळीखाली, एक स्वयंपाकघरावर, एक बाथरूमसमोर. राहता राहिल्या दोन-तीन बऱ्या. त्या दोन-तीनच लवकर बुक करणाऱ्यांना मिळतात, बाकीच्या आपल्यासारख्यांना. म्हणून छोट्या बोटीवर ‘लवकर’ या शब्दाला खरी किंमत आहे. त्या घाईत स्वस्त भाड्यापेक्षा निवड हाती लागते.

आता बरी केबिन कुठली? माझं ठाम मत असं की खिडकीतून दिसणारा समुद्र हा सगळ्यात शेवटचा मुद्दा. दिवसभर तुम्ही पाण्यात, बेटावर नाहीतर डेकवर असता, केबिनमध्ये फक्त झोपायला जाता. आणि अंधारात समुद्र काळाच दिसतो. झोप लागते का, हे आधी बघायचं. मागच्या बाजूला खाली इंजिन आणि जनरेटर असतो, त्यापासून जितकं लांब तितकं चांगलं. पण अगदी पुढच्या टोकालाही नको. पाडारवर सूर्योदयाला पोचायचं म्हणून पहाटे साडेतीन-चारला नांगर उचलतात, आणि ती लोखंडी साखळी खडखडत वर येते तेव्हा पुढच्या केबिनमधल्या माणसाला वाटतं, बोट फुटली. आमच्यातली एक खरोखर लाइफ जॅकेट घालून बाहेर आली होती. त्यावरून तिला अजून चिडवतो.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी सी-सॉ आठवा. टोकाला बसलेला जास्त वर-खाली होतो, मधला जवळपास जागेवर. बोटही तशीच. मधोमध आणि पाण्याच्या पातळीजवळची केबिन सगळ्यात कमी हलते, वरच्या मजल्यावरची ‘सी व्ह्यू’ केबिन जास्त डोलते. कोमोडोच्या तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये बोटी रात्री बहुतेक आडोशाला उभ्या असतात, म्हणून हा त्रास बेताचा. पण लोंबोकहून लाबुआन बाजोपर्यंत चार दिवसांच्या स्वस्त बोटी जातात, त्या रात्रीही चालतात, उघड्या समुद्रातून. तिथे महागडी वरची केबिन घेऊन रात्रभर ओकाऱ्या काढणारे लोक भेटतील.

केबिनच्या या भांडणाला आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. आपण ‘पॉश’ म्हणतो ना, त्या शब्दाची एक गोष्ट सांगतात. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या जहाजावर श्रीमंत साहेब लोक येताना डावीकडची, म्हणजे पोर्ट बाजूची केबिन घ्यायचे आणि परतताना उजवीकडची, स्टारबोर्डची. कारण त्या बाजूला ऊन कमी. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, त्याचं झालं पॉश. गोष्ट झकास आहे, पण भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. उन्हाचा हिशोब मात्र खोटा नाही. एसी नसलेल्या बोटीवर दुपारभर तापलेली भिंत रात्रीही तुमच्याकडे उष्णता फेकत असते.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती घरी सांगण्याआधी स्वतः समजून घ्या. शेअर ट्रिपमध्ये ‘शेअर्ड केबिन’ म्हणजे तुमच्या ग्रुपची केबिन असेलच असं नाही. तिथे बंक असतात, चार किंवा सहा. कोण कुठे झोपणार हे पुष्कळदा बंदरावर ठरतं, आणि मुलं-मुली एकत्र असणं तिकडे नेहमीचं. आमच्या चौघींपैकी दोघी एका केबिनमध्ये आणि दोघी दुसऱ्या केबिनमध्ये दोन अनोळखी मुलांसोबत. ती मुलं सभ्य होती, पोलंडची, बिचारी आमच्यापेक्षा जास्त लाजत होती. पण हे निघायच्या दिवशी कळावं का? लवकर बुक करणाऱ्याला ‘आम्हाला चौघींची एकच केबिन द्या’ म्हणता येतं. उशिरा येणाऱ्याला फक्त ‘कुठे आहे आमचा बंक?’ एवढंच विचारता येतं.

ही काळजी आजकालचीही नाही. ४ सप्टेंबर १८८८ ला अठरा वर्षांचे मोहनदास गांधी शिकायला म्हणून मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा मित्रांनी त्यांची जागा मुद्दाम जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजुमदार यांच्या केबिनमध्ये घेतली होती. पोरगा नवखा आहे, सोबत अनुभवी माणूस असू दे, एवढाच विचार.

इथपर्यंतचं सगळं झोपेचं आणि सोयीचं. पण खरं सांगायचं तर हा लेख लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी.

२ सप्टेंबर २०१९. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, सांता क्रूझ बेटापाशी ‘कन्सेप्शन’ नावाची डायव्हिंगची बोट नांगर टाकून उभी होती. लांबी ७५ फूट, म्हणजे आमच्या बोटीपेक्षा फार मोठी नाही. तीन दिवसांची ट्रिप, शेवटची रात्र. डायव्हिंग करून दमलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी खालच्या मजल्यावरच्या बंकांमध्ये झोपले होते. पहाटेच्या अंधारात मधल्या मजल्यावर आग लागली. खालून वर यायला दोन वाटा होत्या. एक जिना, आणि दुसरी एका बंकच्या वर छताला असलेली झडप. नियमाप्रमाणे दोन वाटा, कागदावर सगळं बरोबर. पण दोन्ही वाटा वर जाऊन एकाच खोलीत उघडत होत्या, आणि आग त्याच खोलीत होती. खालचे ३४ च्या ३४ जण गेले. सगळ्यात वरच्या मजल्यावर झोपलेले पाच कर्मचारी वाचले, त्यात कॅप्टनही होता.

चौकशीत कळलं की रात्री जागून फेऱ्या मारणारा पहारेकरी ठेवलेलाच नव्हता. आगीचं नेमकं कारण सापडलं नाही. फोन आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावलेल्या होत्या, त्याचीही चर्चा झाली. २०२३ मध्ये कॅप्टन दोषी ठरला, २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

मी हे वाचलं तेव्हा आमची ट्रिप होऊन वर्ष झालं होतं. वाचताना मला आमची केबिन आठवत होती. एकच जिना, तोही स्वयंपाकघराच्या बाजूने वर जाणारा. छताला झडप होती का? आठवेना. फोटो काढून पाहिले. पलंगाचे फोटो होते, उशीवर ठेवलेल्या टॉवेलच्या हंसाचा फोटो होता, पायांचे तर सहा. दाराचा एकही नव्हता. दोन रात्री तिथे राहून बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, हे आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं.

म्हणून माझी मावसबहीण यंदा कॉलेजच्या पाच जणींसोबत जूनमध्ये निघायचं म्हणाली, तेव्हा मी फेब्रुवारीतच तिला घेऊन बसले. मे-जून आपल्या परीक्षांनंतरचा आणि तिकडे पाऊस संपलेला काळ, सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या सुट्ट्यांची गर्दी उसळते. जानेवारी-फेब्रुवारीत हवा बिघडली की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर ‘आम्ही चाललो’ म्हणणाऱ्या बोटीत तर मुळीच बसू नये.

‘पण ताई, तिथे जाऊन घेतलं तर स्वस्त पडतं म्हणे.’ पडतं. लाबुआन बाजोच्या मुख्य रस्त्यावर दुकानादुकानांत उद्याच्या बोटींचे बोर्ड लागलेले असतात आणि रिकामी राहिलेली जागा घासाघीस करून मिळते. एकटा मुलगा असेल, चार दिवस हाताशी असतील, डेकवर गादी टाकून झोपायची तयारी असेल तर जरूर करा. पाच जणींना एका केबिनमध्ये जागा हवी असेल तर तो जुगार आहे. आणि शेवटच्या दिवशी उरतात त्या जागा कुठल्या, हे वर सांगितलंच.

आम्ही तीन एजंटांना मेसेज टाकले. बोटीचा नकाशा पाठवा, प्रत्येक केबिन कुठे आहे ते त्यावर दाखवा. जनरेटर कुठे आहे? खालच्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत का, आणि त्या वर कुठे निघतात? रात्री जागं कोण असतं? एकाने नुसते सूर्यास्ताचे फोटो पाठवले. दुसऱ्याने लिहिलं, ‘डोन्ट वरी सिस्टर.’ त्याला तिथेच सोडलं. तिसऱ्याने कागदावर पेनाने काढलेला नकाशा पाठवला, अगदी शाळकरी, पण त्यात सगळं होतं. केबिनना बेटांची नावं दिलेली. मधली ‘केलोर’, खालच्या मजल्यावर, पाच बंक, इंजिनापासून दोन भिंती लांब. दुसरी वाट छतातून थेट पुढच्या डेकवर निघणारी. भाडं वरच्या ‘सी व्ह्यू’पेक्षा चांगलं कमी. बहिणीचं तोंड पडलं. तिला खिडकीवाली हवी होती.

‘व्हिडिओ मागव,’ मी म्हटलं. व्हिडिओ आला. झडप होती खरी, पण तिच्यावर लाइफ जॅकेटच्या पिशव्यांचा ढीग. आतून ढकलली तरी उघडली नसती. बहिणीने स्वतःच टाइप केलं, ‘पिशव्या काढून, झडप उघडून परत पाठवा. आणि पावतीवर केबिनचं नाव लिहा, नुसतं शेअर्ड केबिन नको.’

एजंट दिवसभर गप्प. आम्हाला वाटलं, गेला हा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा सेकंदांचा व्हिडिओ आला. खालून कुणीतरी हात वर करतं, झडप उघडते, आणि चौकोनी भोकातून आभाळ दिसतं. पाठोपाठ पावती, तिच्यावर ‘केलोर, ५ बंक, फक्त मुली’.

मग तिने अॅडव्हान्स भरला.