आधी विचारा, मग पाना उचला

जुनी मोटार आणि घरातले वडीलधारे माणूस, नेमके कुठे दुखते हे दोघेही स्वतःहून सांगत नाहीत. आपणही विचारपूस न करता औषधे बदलत राहतो.

आमच्याकडे वडिलांनी १९८८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, फियाट ११०० च्या घराण्यातली. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनही ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. आमची मात्र दर रविवारी आप्पांना देवळापर्यंत नेत असे. गेल्या पावसाळ्यात तिने लागोपाठ तीन रविवार असहकार पुकारला. मी नवी बॅटरी आणली, चारही प्लग बदलले. उपयोग शून्य! त्यातच नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली. शेवटी वैतागून भंगारवाल्याला चौथ्या रविवारी अकराची वेळ दिली. आप्पा काही बोलले नाहीत. त्या दिवशी सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून खाली गाडीकडे बघत बसले होते.

वर्षानुवर्षे आमची गाडी सांभाळलेले मिस्त्रीकाका आता गॅरेज बंद करून घरीच असतात. कुठून तरी बातमी कळली म्हणून ते आले. मी पान्यांची पेटी पुढे केली. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "आधी सेल्फ मार बघू."

इंजिन जोरात फिरले, पण सुरू झाले नाही.

"बॅटरी उतरली असती, तर इंजिन कण्हत फिरलं असतं. नुसतं 'कट्' वाजलं असतं, तर टर्मिनल तपासली असती. हे झकास फिरतंय. आता दोनच प्रश्न: पेट्रोल येतंय का, आणि ठिणगी पडतेय का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाकानेच दिले. मी ॲक्सिलरेटर इतका दाबला होता की पेट्रोलचा भपकारा येत होता. प्लग काढला तर ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल येत होते, पण पेटत नव्हते.

वास विरेपर्यंत थांबून काकांनी दुसरा कोरडा प्लग वायरला लावला, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी नाही. मग कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी मधली वायर काढली आणि रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूजवळ धरले. तड्‌कन निळी ठिणगी उडाली!

"कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, तिघेही सुटले. चोर पुढे आहे."

बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर तो दाब पाळीपाळीने चारही प्लगना वाटतो. वरच्या टोपीत ओल शिरली, की वीज प्लगपर्यंत न पोचता मधूनच पळ काढते. काकांनी टोपी उघडली. आत पाण्याचे बारीक मणी जमले होते.

"काल काय केलंस?"

"धुतली. बॉनेट उघडून, पाइपने."

"आणि मागच्या शनिवारी?"

मी गप्प. तेव्हाही धुतली होती. त्याच्या आधीही.

उन्हाळ्यात हेच पाणी संध्याकाळपर्यंत वाळून जाई. पावसाळी हवेत ते रविवार सकाळपर्यंत तसेच राही. वायरींच्या टोकांवरची रबरे वयोमानाने चिरली होती, तिथून ओल आत शिरत होती. म्हणजे दुखणे गाडीचे नव्हतेच; माझ्या मायेचे होते. आणि त्या दुखण्यावर मी बॅटरी विकत आणली होती!

काकांनी टोपी कोरड्या फडक्याने पुसली, प्लग वाळवून बसवले, चोक आत ढकलला. "ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धर, पंप करू नकोस." सेल्फ मारला. एकदा खोकून पद्मिनी सुरू झाली.

वर बघितले तर गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. आप्पा चपला घालून जिना उतरत होते.

अकराला भंगारवाला आला, चहा पिऊन गेला. रबरे नवी बसवली, सव्वाशे रुपयांत काम झाले. बॉनेट उघडून पाइप मारणे मात्र मी कायमचे सोडले. आता काही बिघडले, की आधी स्वतःलाच विचारतो: काल काय केलंस?