शेवटची कसारा लोकल

शुक्रवारी मध्यरात्रीनंतर मुंबईहून सुटणाऱ्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये पाठीवर सॅक घेतलेली मंडळी दिसली की ओळख करून घ्यावी लागत नाही. कल्याण गेलं, डबा रिकामा झाला, की पहिला प्रश्न ठरलेला : "कुठला बेत?" सह्याद्रीतल्या आडवाटा मला कळल्या, त्यातल्या निम्म्या या एका प्रश्नातून.

एकदा आम्ही तिघं रतनगडाला निघालो होतो. शेंडीमार्गे रतनवाडी, शिड्या चढून गडावर आणि आल्या वाटेने परत, एवढाच बेत. समोर बसलेले साठीचे एक काका म्हणाले, "परत कशाला येता? नेढं, म्हणजे कातळातलं ते आरपार भोक, बघून झालं की त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरा. तिथून करोली घाट धरा, खाली डेहणे. पुढे आसनगावला लोकल आहेच." पेपरच्या कोऱ्या कडेवर त्यांनी वाट काढून दिली. ओढा कुठे ओलांडायचा, डावी-उजवी कुठे चुकते आणि पाणी कुठे, तिथे एक ठळक गोल.

असा सल्ला कमी पैशांत फिरणाऱ्याकडूनच मिळतो, आणि त्याला कारण आहे. स्वतःची गाडी असलेला माणूस जिथून चढतो तिथेच उतरतो, कारण गाडी पायथ्याशी उभी असते. एसटीने आलेल्याला ती अडचण नाही. घाटावर चढून कोकणात उतरणं त्यालाच परवडतं. शिवाय तो मुक्कामी गाडीने संध्याकाळी गावात पोचतो, देवळात पथारी टाकतो, कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी जेवतो. गावातल्या जाणत्यांशी त्याचं बोलणं तेव्हा होतं. नाळ म्हणजे कड्यांमधली दगडगोट्यांची घळ, सोंड म्हणजे खाली उतरत गेलेला डोंगराचा दांड, निसणी म्हणजे जिथे शिडीवाचून चढता येत नाही ती जागा. हे शब्द कळले की वाटेचं निम्मं रूप नावातच दिसतं. कल्याण आणि जुन्नर जोडणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून माहीत आहे; तिथला शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण आजही पाहता येतो. पण त्याच्या आजूबाजूच्या कितीतरी लहान वाटा फक्त वापरणाऱ्यांच्या तोंडी उरल्या आहेत.

मात्र वाटसरूने दिलेली माहिती शिळी होते. काकांचा तो ठळक गोल आम्ही फेब्रुवारीत गाठला, तेव्हा तिथे वाळलेला चिखल होता. ते ऑक्टोबरात गेले होते, आणि आम्ही महिना विचारलाच नव्हता. सुदैवाने साम्रदहून एक मामा वाट दाखवायला सोबत होते. त्यांनी मुख्य वाट सोडून कारवीतून थोडं खाली नेलं, दगडाखालच्या डबक्यावरचा पाला हाताने बाजूला केला आणि आमच्या बाटल्या भरून दिल्या. तेव्हापासून मी वाट सांगणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचारतो : कधी गेला होतात, सोबत कोण होतं आणि चुकलात कुठे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत कामाचं. "कुठेच नाही" म्हणणाऱ्याच्या भरवशावर मी अनोळखी घाट उतरत नाही. पावसाळ्यात तर नाहीच, कारण एका मोसमात दरड आली की वाटेची ओळख पुसली जाते.

याच साम्रदजवळची सांधण दरी पूर्वी अशीच एकाने दुसऱ्याला सांगितलेली जागा होती. आता सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद घळीत माणसांची रांग लागते. वाट सांगूच नये, असं मी म्हणणार नाही. मलाही कुणीतरी सांगितलीच होती. पण समोरचा माणूस कसा चालतो, कचरा कुठे टाकतो, गावात कसा बोलतो, हे लोकलच्या दोन तासांत बऱ्यापैकी कळतं. ते बघून सांगावं.

खर्चाचं म्हणाल तर एसटीचं तिकीट, शिधा आणि जेवणाचे पैसे एवढ्यात दोन दिवस होतात. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धंच तिकीट आहे. फक्त वाट दाखवणाऱ्या मामांच्या मोबदल्यात घासाघीस करू नका. त्यांचा शेतातला एक दिवस बुडालेला असतो.