मिरगाच्या किड्याचे पाय मोजताना

उमरखेड तालुक्यातलं ढाणकी हे कापूस पिकवणाऱ्या मुलखातलं गाव. अशा गावातल्या पोरांना किडे कळतात ते फवारणीच्या पंपामुळं. मावा, तुडतुडे, बोंडअळी ही सगळी मारायची जात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून घरोघरी त्या पंपाचीही धास्ती आहे. किड्यांची दुसरी ओळख करून द्यायला मात्र आजी-आजोबाच लागतात. त्यांना घाई नसते.

7-8 जूनला मृग लागतो. पहिला पाऊस पडून माती भिजली की अंगणात मिरगाचे किडे निघतात, लालभडक, मखमली. ‘मारू नको रे, तळहातावर घे,’ आजी सांगते. हात लागताच तो पाय आखडून घेतो, जरा थांबलं की चालू लागतो. तेवढ्यात पाय मोजावेत. आठ भरतात! कीटकाला सहाच पाय, म्हणजे हा कोळी-गोचिडांच्या गोतातला. पण अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात. ते नाकतोड्यांसारख्या कीटकांना चिकटून त्यांच्या अंगातला रस शोषतं. मोठेपणी तो मातीत राहून कीटकांची अंडी खातो आणि वर्षातले थोडेच दिवस वर दिसतो. तो भडक रंग म्हणजे खाऊ पाहणाऱ्याला इशारा: चव वाईट आहे.

ओसरीच्या कडेला, पाऊस पोचत नाही अशा फुफाट्यात, नरसाळ्यासारखे खड्डे असतात. कोरडी माती ठरावीक उतारापर्यंतच टिकते आणि खड्ड्याच्या भिंती नेमक्या त्याच बेताच्या. मुंगीनं पाय टाकला की माती घसरते, तळाशी दडलेली अळी वर माती उडवून तिला आणखी खाली पाडते. आजोबांनी काडीनं अळी वर काढली तर ती मागे मागे चालते. अळीपणात ती विष्ठा बाहेर टाकतच नाही, सगळी पोटात साठवते. मुलांना हे सांगाच, बाकी विसरली तरी एवढं विसरणार नाहीत. पुढं तिला चतुरासारखे पंख फुटतात आणि ती रात्री दिव्याभोवती घिरट्या घालते.

खरी कसोटी परसातल्या वालाच्या वेलावर. ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांच्या ओळखीचा, पण त्याची काळपट, लांबुडकी, काटेरी अळी कीड समजून चिरडली जाते. मावा फस्त करण्यात तीही मागं नसते. मावा लागलेल्या शेंड्यासकट तिला बरणीत ठेवून तोंडाला पातळ फडकं बांधावं. काही दिवसांत ती पानाला चिकटून कोष करते, मग ढालकिडा बाहेर पडतो. मावा असलेला नवा शेंडा मात्र रोज द्यावा. दोन-तीन अळ्या एकत्र ठेवल्या आणि मावा संपला, तर त्या एकमेकींनाच खातात.