पहिला नळ कोणाचा?

रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात गल्लीत टँकर येतो. परगावच्या पाहुण्याला हे सांगितले की त्याला वाटते, कोकणी माणूस नेहमीप्रमाणे तिरके बोलतो आहे. पण यात तिरके काही नाही. आमचा सडा जांभ्याचा. त्याच्या अंगभर भोके. चार महिने धो धो कोसळलेले पाणी काही वरून वाहून जाते, काही मुरते, झऱ्यांच्या वाटेने खाली उतरते आणि वहाळातून खाडीला जाऊन मिळते. फेब्रुवारी संपता संपता विहिरीचा तळ दिसू लागतो. मग शहराची सारी मदार शीळच्या धरणावर आणि पानवलच्या जुन्या धरणावर. तिथून निघालेले पाणी शहरात येते ते चढउतार करीत. कारण आमचे गाव सपाट नाही. टाकीजवळच्या सखल आळीत नळ फुरफुरतो आणि चढावरच्या शेवटच्या घरात त्याच वेळी तो नुसती हवा सोडतो. मधल्या एखाद्या घराने नळाला मोटर लावलेली असली, तर हवासुद्धा नाही.

ही शेवटच्या घराची गोष्ट मी मांडतो आहे ती निवडणुकीच्या निमित्ताने. 2021 च्या अखेरीपासून चार वर्षे आमच्या नगरपालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. गावाला नगरसेवकच नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये अखेर निवडणूक झाली. त्याआधी महिनाभर, ज्यांना गल्लीचे नावही ठाऊक नव्हते असे लोक दारात येऊन पायाला हात लावू लागले. त्या दिवसांत आमच्या ओळखीतली एक मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणायचे एवढेच. चाळिशीला टेकलेली, शाळेत शिकवीत होती, नोकरी सोडून उभी राहिली होती. वॉर्डाचे आणि तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही. निकालाशीही या लेखाला कर्तव्य नाही.

"काका, जाहीरनामा लिहिलाय. भाषा तेवढी बघून द्या," ती म्हणाली. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाकडे लोक भाषा तपासायलाच येतात.

भाषा चांगली होती. कलमे चोवीस होती. पाणी होते, कचरा होता, मांडवीच्या किनाऱ्याचे सुशोभीकरण होते, अभ्यासिका होती, भटके कुत्रे होते, ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकडी होती (ती बहुधा मला बघून घातली असावीत). चूक काढावी असे एकही कलम नव्हते. मी तिला एवढेच म्हटले, "याला क्रमांक घालून आण."

"क्रमांक आहेतच की."

"हे अनुक्रमांक झाले. मला अग्रक्रम हवाय. पैसे चोवीसातल्या चारच कामांना पुरणार असतील, तर कुठली चार?"

सदतीस वर्षे बँकेत काढल्यावर हा शब्द अंगात मुरतो. 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यापाठोपाठ 'अग्रक्रम क्षेत्र' हा प्रकार आला. पुढे बँकांना बजावण्यात आले की तुम्ही जेवढी कर्जे द्याल, त्यांतली शंभरातली चाळीस शेतकरी, लहान उद्योजक, दुर्बल घटक यांच्याकडे गेली पाहिजेत. आमच्यातले पुष्कळ अधिकारी कुरकुरले. मीही गावोगावच्या शाखांत मार्चअखेरीला ते आकडे जुळवताना घाम पुसला आहे. पण त्या चाळीस टक्क्यांच्या सक्तीमुळेच नांगर, होडी आणि शिवणयंत्र बँकेच्या दारात येऊ शकले. सदिच्छेने ते आले नसते. सदिच्छा सगळ्यांनाच असते. ती संपते तिथे टक्केवारी उपयोगी पडते.

पुरोगामी उमेदवार कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणून काहीसे हिशेबी आहे. त्याची भाषणे बघू नयेत. खर्चाच्या यादीत त्याने पहिले काय लिहिले आणि कशाच्या विरोधात मत दिले, ते बघावे.

महाराष्ट्रात याचा उत्तम दाखला दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. आपल्याला जोतीराव ठाऊक असतात ते मुलींच्या शाळेचे, सत्यशोधक समाजाचे. पण हा माणूस बांधकामाचा कंत्राटदारही होता, पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्याने माल पुरवला होता. दगडाचा, चुन्याचा, मजुरीचा भाव त्याला तोंडपाठ असणार. अशा सभासदासमोर अंदाजपत्रक ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. गव्हर्नर जनरल लिटन यांच्या पुणे भेटीसाठी शहर सजवायला 1,000 रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. जोतीरावांचे म्हणणे, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मतदान झाले तेव्हा सारे सभासद एका बाजूला आणि हे एकटे दुसऱ्या. 1880 मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिका आरोग्यासाठी खर्च करते आणि या दुकानांनी त्याच रहिवाशांचे आरोग्य व संसार बुडतात, अशा आशयाचे पत्र त्यांनी अधिकाऱ्यांना लिहिले. पुढे मंडईची भव्य इमारत बांधायचे ठरले, तर तिलाही विरोध. तो पैसा प्राथमिक शाळांकडे वळवा, हा आग्रह. इमारत अर्थातच झाली. 1886 साली ती रे मार्केट म्हणून उघडली. आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत गेले, तेव्हा त्यांनी तिला नाव दिले महात्मा फुले मंडई! अत्र्यांचा हेतू आदराचाच होता. पण ज्या खर्चाला माणसाने विरोध केला त्यावरच त्याचे नाव कोरले जावे, हे आपल्याकडे फार सहज घडते.

मंडईच्या बाबतीत मी जोतीरावांशी पूर्ण सहमत आहे असे नाही. शहराला मंडई लागते. उन्हापावसात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर येते, हेही काही कमी नाही. पण त्यांनी विरोधाआधी स्वतःच्या घरापुरता अग्रक्रम ठरवून टाकला होता, हे विसरता येत नाही. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. नगरपालिकेत जाण्याच्या आठ वर्षे आधी.

पाण्याचा विषय निघाला की आम्हा कोकणातल्या माणसांना महाड आठवते. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 च्या ऑगस्टमध्ये संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री काम झाले. तळ्यावर मात्र तीन वर्षे कोणी जाऊ धजले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे सुरबानाना, त्यांच्या बाजूने उभे होते. पण नगरपालिका म्हणजे एकटा अध्यक्ष नव्हे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि 1937 च्या मार्चमध्ये हायकोर्टाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठरावापासून मोजली तर तेरा वर्षे.

बँकेच्या भाषेत याला मी कर्जमंजुरी आणि उचल यांतला फरक म्हणतो. मंजुरीपत्र घेऊन आनंदाने घरी गेलेले कितीतरी लोक मी पाहिले, ज्यांच्या हाती रक्कम कधीच पडली नाही. एखादा कागद अडला, एखादा साहेब बदलला. नगरपालिकांना मंजुरीची वाण नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने, 1 जून 1993 पासून, पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधार अशी अठरा कामे शहरांच्या कारभाराशी जोडली. ती यादी वाचताना ऊर भरून येतो. आपल्या गल्लीतला नळ उघडला की तो पुन्हा रिकामा होतो.

असो. ती मुलगी आठ दिवसांनी परत आली. चोवीसाची चार झाली होती. मधल्या काळात ती अभियंत्याकडे नव्हे, पाणी सोडणाऱ्या वॉलमनकडे गेली होती. त्याने तिला अर्ध्या तासात जे शिकवले, ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. टाकी भरलेली असते तेव्हा दाब सर्वांत जास्त. त्या वेळी खालच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी उघडतात, कारण तिकडून फोन जास्त येतात. चढावर पाणी सोडायची पाळी येते तेव्हा टाकी अर्धी झालेली असते. खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून वरचा आधी उघडला, तर नवी मोटर लागत नाही, नवी पाइपलाइन लागत नाही. तिचा पहिला क्रमांक हाच होता: पाणी आधी शेवटच्या नळाला. आणि कुठल्या भागाला किती मिनिटे सोडले, त्याचा तक्ता दर आठवड्याला चौकात लावायचा.

दुसरा क्रमांक बाजारपेठेत बायकांसाठी मुतारीचा. जाहीरनाम्यात हा शब्द तिने 'स्वच्छतागृह' असा लिहिला होता; मी तो तसाच राहू दिला. मासळी आणि भाजी घेऊन पहाटे येणाऱ्या बायका दुपारपर्यंत बसून असतात आणि जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. महाराष्ट्रात नगरपालिकांत निम्म्या जागा बायकांना 2011 पासून आहेत. तरी हे काम शिल्लक का, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

तिसरा सफाई कामगारांचा: हातमोजे, गमबूट, वेळेवर पगार, आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. जांभ्याच्या भोकाभोकांतून शोषखड्ड्याचे पाणी शेजारच्या विहिरीत जाते, म्हणजे हा प्रश्न फक्त त्यांचा नव्हे. आणि रत्नागिरीला तर याचा वेगळा वारसा आहे. 1932 च्या डिसेंबरात आप्पासाहेब पटवर्धन इथल्याच तुरुंगात होते. भंगीकाम करू द्या, अशी त्यांची मागणी होती. जात आड आणून तुरुंगाने ती नाकारली, म्हणून त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत आप्पांनी संडासाचे आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले. ज्या कामाला नाक मुरडतात त्यात त्यांनी डोके घातले.

चौथा होता पदपथ आणि दिवे. त्याबद्दल काही सांगण्यासारखे नाही. ते सगळ्यांच्याच जाहीरनाम्यात असतात. सुशोभीकरण गेले होते, अभ्यासिका गेली होती, माझी बाकडीही गेली होती.

तिच्या घरच्यांना हे पटले नाही. "जमिनीखालच्या कामाची फीत कापता येत नाही," तिचे सासरे म्हणाले. म्हणणे खोटे नाही. पण खरी अडचण निराळीच होती. तिचे घर, तिचे नातेवाईक, तिची हक्काची मते खालच्या आळीत. व्हॉल्व्हचा क्रम बदलला, तर तोटा त्यांचाच. चढावरच्या वस्तीत तिला ओळखणारे थोडे. "वर जाऊन सांगणं सोपं आहे," ती म्हणाली, "खाली सांगायचंय."

तिने ते खालीच सांगितले, आळीतल्या गणपतीच्या मंडपात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या साठेक माणसांपुढे. मी मागे उभा होतो. पाणी आधी वर जाईल, मग आपल्याकडे येईल, हे वाक्य संपताच दोघे उठून गेले. कोणी म्हणाले, मग आम्ही मत कशाला द्यायचे? तिने वाद घातला नाही. वरच्या वस्तीत किती घरे आहेत आणि मेमध्ये तिथे किती मिनिटे पाणी येते, एवढेच आकडे सांगितले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात वर केला.

"ता ऱ्हवूंदे. आमचा पाणी किती वाजता येतला ता सांग."

"सहाऐवजी सहा चाळीसला, आजी. आणि वीस मिनिटं कमी."

म्हातारीने शेजारणीकडे वळून विचारले, वीस मिनिटांत किती कळशा होतात. दोघी बोटांवर मोजू लागल्या.